‘दीका’ या शब्दाचा अर्थ

स्टेलनबॉश,
३ मार्च १९९८

प्रिय हेस्टर,

पाकिटावरचं नाव वाचून दचकली असशील. मी गेरिट. लूब्सरांच्या गव्हाच्या शेतावरचा, तुझ्या आईच्या ॲप्रनला धरून वाढलेला गेरिट. आता लोक मला प्रोफेसर म्हणतात, नाटककार म्हणतात, पाठ वळली की आणखी बरंच काही म्हणतात. पत्ता तुमच्या पाद्रीबाबांकडून मिळवला. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालीस, हेही त्यांनीच सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं.

कामाचं बोलतो. ‘मागचं दार’ या माझ्या नाटकाला यंदा पंचवीस वर्षं होतात आणि मला साठ. माझी पाच नाटकं एका जाड पुस्तकात निघत आहेत आणि २९ मेला, शुक्रवारी, इथल्या नाट्यगृहात एक समारंभ ठरला आहे. नाटकातला शेवटचा प्रवेश वाचला जाईल. तो तुला ठाऊकच असेल. दिवेलागणीची वेळ, म्हातारी स्वयंपाकीण मागच्या दाराशी उभी राहते, बाहेर बघते आणि म्हणते, “आज परत दीका आलीय.” पडदा.

हेस्टर, हे वाक्य माझं नाही, तुझ्या आईचं, माझ्या सीना-आयाचं आहे. लहानपणी रोज संध्याकाळी मी ते तिच्या तोंडून ऐकलं. दीका, म्हणजे दिवस मावळताना मनावर उतरणारी ती विनाकारण हुरहुर. आपल्या आफ्रिकान्स भाषेत तिला शब्दच नव्हता. आज तो थोरल्या शब्दकोशात आहे, मुलं शाळेत शिकतात, इथे नदीकाठच्या एका चहाच्या दुकानाचंसुद्धा ते नाव आहे. हा शब्द इथल्या मूळच्या खोइ लोकांच्या भाषेतून तग धरून राहिला असावा, असा लेखही मी पूर्वी लिहिला होता. माझ्या हातून झालेल्या कामातलं टिकेल असं बहुधा एवढंच.

म्हणून मनात आहे की त्या संध्याकाळी सीना-आयाने रंगमंचावर यावं. मी तिचा हात धरून सांगेन, ही या शब्दाची आई. गाडी पाठवतो, चाकाची खुर्ची ठेवतो, सोबत तू असशीलच. तिची तब्येत कशी आहे? माझी आठवण काढते का? एखादा जुना फोटो असेल तर पुस्तकासाठी पाठव.

तुझा,
गेरिट लूब्सर

---

मामसबरी,
२० मार्च १९९८

आदरणीय प्रोफेसर लूब्सर,

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. तिने पहिल्यांदा हेच विचारलं, “धाकट्या मालकांचं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे का गं?” आहे, म्हटलं.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. तुमच्या पत्रात मी अजून ‘तू’च आहे आणि आई अजून ‘आया’. राग नाही, शिक्षिकेची खोड आहे. चूक दिसली की हात लाल पेनाकडे जातो.

आता मोठी दुरुस्ती. ती करायला मला फार उशीर झाला आहे आणि त्याची मला लाज वाटते.

दीका हा शब्द नाही. दीका माझी धाकटी बहीण. नाव हेंद्रिका, पण तिला ‘र’ म्हणता यायचा नाही, स्वतःला दीका म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले. रोज दिवेलागणीला ती मजुरांच्या खोल्यांकडून एकटी चालत यायची आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहायची, आईला घरी न्यायला. एवढीशी, चार वर्षांची. आई हात पुसत म्हणायची, “दीका आलीय, निघते मी.” १९४४ साली तुम्हाला घटसर्प झाला. तुमच्या आईने माझ्या आईला बारा दिवस घराबाहेर पडू दिलं नाही, आजार पसरेल म्हणून. तो आधीच पसरला होता. आई तेराव्या दिवशी घरी आली तेव्हा दीकाला पुरून चार दिवस झाले होते. मी नऊ वर्षांची होते. निरोप घेऊन मागच्या दाराशी मीच आले होते, आणि तुमच्या आईने मला परत पाठवलं होतं.

त्यानंतरही ती वेळ झाली की आई दाराकडे बघून तेच म्हणायची. तुम्ही तेव्हा सहा वर्षांचे होतात. तुम्ही ते ऐकलंत.

तुमचं नाटक मी अकरा वर्षं मॅट्रिकच्या वर्गाला शिकवलं. दरवर्षी एक प्रश्न ठरलेला, ‘दीका या शब्दाचा अर्थ लिहा, गुण चार.’ मुलं लिहायची, सूर्यास्ताच्या वेळची हुरहुर. मी बरोबरची खूण करायची. एकदा आमच्या वस्तीतलीच एक मुलगी, तिच्या आजीला सगळं ठाऊक होतं, तिने लिहिलं, ‘हे एका मुलीचं नाव आहे.’ मी तिला शून्य दिलं. पेपर तपासणीचे नियम होते, प्रोफेसर, आणि मला माझी नोकरी हवी होती.

तुम्हाला मी दोष देत नाही. सहा वर्षांच्या मुलाला काय कळणार? सांगायला हवं होतं ते मी.

फक्त एका गोष्टीचा उलगडा हवा आहे. आई म्हणते, तिने हे तुम्हाला सांगितलं होतं, नाटक लागण्याआधी. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे. सकाळी डोकं लख्ख असतं, दुपारनंतर ती पाद्रीबाबांना सांगते की त्यांच्याकडे तिच्या दोन कोंबड्या राहिल्यात. त्यामुळे मला कळत नाही काय धरायचं. आम्हा दोघींमध्ये यावरून रोज वाद होतो. तिने सांगितलं होतं का? एकच शब्द लिहा, हो किंवा नाही. समारंभाचं त्यानंतर बोलू.

आपली,
हेस्टर कुपीडो

---

स्टेलनबॉश,
२ एप्रिल १९९८

आदरणीय श्रीमती कुपीडो,

तुमच्या दुरुस्त्या दोन्ही मान्य. पहिलीने कान लाल झाले. दुसरीने झोप गेली.

काय लिहू? मीच आजारी होतो. माझ्याच उशाशी ती बसली होती. एवढंच आठवतं की कपाळावर एक गार हात असायचा. तो कुणाच्या वाट्याचा होता हे मला आज कळतंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही. तुमच्या आईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ते वाक्य तसं ठेवलं असतं का? वयाने आठवणी एकमेकींत मिसळतात, माझ्याही मिसळतात. त्यांना त्याबद्दल बोलू नका.

नव्या पुस्तकात मी एक टीप घालतो. एका लहान मुलाने ऐकताना केलेली निष्पाप चूक, आणि तिच्यामागचं खरं नाव. संपादकांना फोनवर सांगितलं तर ते गहिवरले. त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं, की समारंभात हे तुमच्या आईंच्याच तोंडून यावं. शेवटचा प्रवेश, मग अंधार, मग दिव्याच्या झोतात त्या, आणि दोनच वाक्यं : दीका हा शब्द नाही. दीका माझी मुलगी होती. नाट्यगृहात कुणाचे डोळे कोरडे राहणार नाहीत. त्यांना यातून न्याय मिळाल्यासारखंही होईल. विचार करा.

आपला नम्र,
गेरिट लूब्सर

---

मामसबरी,
४ मे १९९८

आदरणीय प्रोफेसर लूब्सर,

उत्तराला महिना लागला. आईची छाती भरली होती, मी दवाखान्याच्या फेऱ्यांत होते. आता घरी आहे, कॉफी पुन्हा बशीत ओतून पिते, म्हणजे बरी आहे.

तुम्ही सरळ उत्तर दिलंत, त्याबद्दल आभार. त्यांना बोलू नका म्हणालात, पण आमच्या घरात ते शक्य नव्हतं. रोजच विषय निघायचा. म्हणून एका सकाळी, डोकं लख्ख असतानाच, मी विचारलं.

“आई, तू त्यांना सांगितलंस म्हणतेस, ते कधी?”

“क्विन्सची फळं उतरवली होती तेव्हा. मुरंब्याला चिरत होते मी. तो पिठाच्या पेटीवर बसला होता, कागद घेऊन. विजारीला पीठ लागलं म्हणून ओरडलेसुद्धा मी. एवढा शिकलेला माणूस, बसायचं कुठं कळत नाही!”

“बरं, मग?”

“मग नाटक वाचत वाचत त्या वाक्यापाशी आला. मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, धाकटे मालक, हा शब्द नाही हो. ही माझी हेंद्रिका.”

“आणि ते काय म्हणाले?”

“ते मी नाही सांगणार.”

“का?”

“त्याला लाज वाटेल.”

बघा, मनाचे खेळ कसे असतात ते. इतकं बारीकसारीक, विजारीच्या डागासकट. मग मी तुमचं पत्र आणलं आणि ती ओळ वाचली. ती म्हणाली, परत वाच. परत वाचली.

“लिहून दिलंय त्यानं?”

“हो आई. सहीसकट.”

“मग माझंच चुकलं असणार,” म्हणाली. “शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील? मी उगाच इतकी वर्षं त्या पोराला मनात धरलं.”

वाद मिटला. मला वाटलं होतं, घरात शांतता येईल. शांतता आली, पण ती वेगळीच. आता ती काहीही सांगण्याआधी मला विचारते, हे असंच झालं ना, की मी घोटाळा करतेय? माझ्या लग्नाची गोष्ट सांगायची थांबली. पाद्रीबाबांकडे कोंबड्या मागायचीही थांबली, त्यांनाच चुकल्यासारखं वाटतंय. आणि परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, “हेस्टर, मला दीका नावाची मुलगी होती ना गं? की तेही मी त्या नाटकातच ऐकलं?”

होती, म्हटलं. मी तिला कडेवर घेतलंय. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. दीकाचा एकही फोटो नाही, दाखवू काय?

तिचं वय झालं, हे आता मान्य करायला हवं. तुमच्या पत्रामुळे निदान ते स्पष्ट झालं.

समारंभाचं : रंगमंचावर ती बोलणार नाही. तुम्ही सुचवलेली दोन वाक्यं वाचून मी पत्राचा तेवढा भाग तिच्यापासून लपवला. १९७३ साली त्याच नाट्यगृहात आमच्या रंगाच्या माणसाला तिकीट मिळत नव्हतं, एवढंच लिहिते, बाकी तुम्ही समजून घ्या. पण प्रेक्षकांत येऊन बसायला ती तयार आहे. तिला तुम्हाला एकदा भेटायचं आहे. तुमच्यावर आळ घेतला, त्याची माफी मागायची आहे म्हणते. २९ तारखेला गाडी पाठवा.

आपली,
हेस्टर कुपीडो

---

स्टेलनबॉश,
मंगळवार, २६ मे १९९८

आदरणीय हेस्टरताई,

हे पत्र मी गेले तीन आठवडे लिहितोय. फाडलेल्या कागदांनी टोपली भरली. आज पाठवतो.

तुमची आई खरं सांगतेय.

क्विन्स होते. मुरंब्याची साखर मोजून ठेवली होती. मी पिठाच्या पेटीवर बसलो होतो, विजारीला पांढरे डाग पडले आणि त्या मला ओरडल्या. तुमच्या पत्रात हे वाचलं तेव्हा मी घरातल्या घरात दार लावून घेतलं. या गोष्टी दोनच माणसांना ठाऊक होत्या आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याला वेडं ठरवलं होतं, सहीसकट.

त्यांनी सुरी खाली ठेवली. “धाकटे मालक, हा शब्द नाही हो. ही माझी हेंद्रिका.” अगदी याच शब्दांत. मग सगळं सांगितलं, बारा दिवस, तेरावा दिवस. मी काय म्हणालो ते त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही. मी सांगतो. मी म्हणालो, “आया, आता ती सगळ्यांची झाली.”

मला ते तेव्हा सुंदर वाटलं होतं. घरी जाऊन वहीत लिहूनही ठेवलं. त्या म्हणाल्या, “जशी मालकांची मर्जी,” आणि पुन्हा चिरायला लागल्या. नाटक बारा दिवसांवर होतं, शेवटच्या वाक्याशिवाय त्यात काही दम नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. त्याच दुपारी मी त्यांचा ॲप्रन आणि डोक्याचं फडकं मागून नेलं. आमच्या नटीला खरा वास हवा होता. गोरी बाई, तोंडाला तपकिरी रंग लावून, तुमच्या आईचे कपडे घालून, तुमच्या बहिणीचं नाव घेत उभी राहिली आणि लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. मी पुढे येऊन वाकलो.

तीन वर्षांनी तो लेख लिहिला. खोइ भाषेतला शब्द, असं सांगून मोकळा झालो. विद्यार्थ्याने माझ्यासमोर असला पुरावा आणला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. माझ्या पुराव्याची तळटीप अशी : ‘माहिती देणारी, एक वयस्क मोलकरीण.’ नावही घातलं नाही. नाव घातलं असतं तर कुणीतरी जाऊन विचारलं असतं.

एप्रिलमध्ये तुम्ही एक शब्द मागितलात. तुम्ही मला आधीच माफ करून ठेवलं होतंत, सहा वर्षांचा मुलगा, त्याला काय कळणार. मला फक्त त्या मुलाच्या मागे लपायचं होतं. लपलो. पस्तीस वर्षांच्या माणसाबद्दल तुम्ही विचारत होतात, हे मला कळत होतं. वर त्यांच्या दुःखावर दिव्याचा झोत कुठून टाकायचा तेही सुचवलं.

शुक्रवारचा समारंभ मी थांबवत नाही, कारण लोक जमतील तिथेच मला हे सांगायचं आहे. हे पत्रच वाचून दाखवणार आहे. पुस्तकाची छपाई थांबवली आहे. पण ते सगळं नंतरचं. आधी हे पत्र आईंना वाचून दाखवा. सकाळी, डोकं लख्ख असताना. त्यांना सांगा, की त्यांची आठवण शाबूत आहे, एकूण एक. त्यांना हेंद्रिका होती. त्यांनी मला सांगितलं होतं. खोटं मी लिहिलं.

खरं तर फोनच करायला हवा. तुमचा नंबर पाद्रीबाबांनी दिलेला आहे, समोर कागदावर लिहिलेला आहे, आणि फोन हाताशी आहे. तुमचा आवाज ऐकायचं धाडस होत नाही. म्हणून टपालाने पाठवतो. दोन दिवसांत पोचेल.

मालक नसलेला,
गेरिट

---

मामसबरी,
बुधवार, ३ जून १९९८

प्रोफेसर लूब्सर,

तुमचं पत्र सोमवारी, १ तारखेला पोचलं. आई बुधवारी, २७ ला सकाळी गेली. शुक्रवारी तुमची गाडी आली, ती रिकामीच परत पाठवली. शनिवारी आईला पुरलं.

शुक्रवारी तुम्ही सगळं वाचून दाखवलंत, ते शनिवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं. मी ते पाहिलं नव्हतं. दफनभूमीतून परत येते तर अंगणात माणसं उभी, हातात पेपर. जिला मी शून्य दिलं होतं ती मुलगी आली होती, आता तिला तीन मुलं आहेत. पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, हेस्टर, सीनाबाई बरोबर होत्या. कोंबड्यांचंसुद्धा, म्हणाले. त्यांच्या बायकोने नंतर आठवून सांगितलं, दोन होत्या. सगळ्या गावाला आता माहीत आहे की माझ्या आईचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. स्टेलनबॉशला माहीत आहे, केपटाऊनला माहीत आहे. जिला कळायला हवं होतं तिला सोडून सगळ्यांना कळलं.

मंगळवारी तुम्ही फोनसमोर बसून पत्र लिहीत होतात. मंगळवारी आई जेवली. दुपारी खिडकीत बसली होती. आमचा फोन तिच्या खुर्चीपासून चार पावलांवर आहे.

तुमच्यावर रागवायचं आहे, पण माझी पाळी आधी आहे. तिने मला सुरीपासून पिठापर्यंत सगळं सांगितलं होतं. माझी आई, जिने मला कधी खोटं सांगितलं नाही. आणि एका कागदावर, सही असलेल्या, विद्यापीठाचा शिक्का असलेल्या कागदावर एक शब्द आला आणि मी तिला म्हटलं, आई, तुझा घोटाळा झालाय. मी जन्मभर मुलांना शिकवलं, वाचलेलं तपासून बघा. तुमची तळटीप मी कधीच माफ करणार नाही, पण ती मोलकरीण खोटी आणि प्रोफेसर खरा, हे मीही धरून चालले. ते मला कुणी शिकवलं, हे शोधत बसले आहे. तुमचं नाव सापडतं, तुमच्या आईचं सापडतं, शाळेचं सापडतं, पण शेवटी लाल पेन माझ्याच हातात असतं.

शब्दकोशवाल्यांचं पत्र आलंय, अर्थ बदलायचा का म्हणून विचारतात. मला विचारू नका म्हणून कळवलं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगळवारी दुपारी, त्या खिडकीतच, आईने मला एक निरोप दिला. शुक्रवारपर्यंत मी टिकेन की नाही सांगता येत नाही, म्हणाली, भेट झाली नाही तर तू लिही. मी शब्द दिला. त्या शब्दातून सुटायला मला जागा नाही. तिने सांगितलं तसंच उतरवते :

“धाकट्या मालकांना सांग, सीनाने तुमच्यावर खोटा आळ घेतला. पंचवीस वर्षं मनात धरला. म्हातारीचं डोकं, चूक झाली. मला माफ करा.”

हेस्टर कुपीडो